आईवरच गेलीय

बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. मी मुळात बसणाराच माणूस. बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली, म्हणजे बसूनच झाली. निवृत्तीनंतरही सकाळी चहा घेऊन खुर्चीत टेकलो की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "खुर्ची झिजेल, जरा उठा." आता मी सारखा उठलेलाच असतो. पुस्तक उघडतो, तेच पान पुन्हा वाचतो, मिटतो. कपाटातली पुस्तकं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर लावतो आणि दुसऱ्या दिवशी परत वर. कालव्यापर्यंत चालत जातो. तिथं पोचलं की घरी काहीतरी राहिलंय असं वाटतं आणि मी घाईनं परत येतो. घरी काही राहिलेलं नसतं.

ती संक्रांत झाल्यावर गेली. आजारपण फार लांबलं नाही, त्यामुळं निरोप घ्यावा असं कुणाला सुचलंच नाही. घरात मी आणि मुलगी उरलो. मुलगी पिंपळीच्या अलीकडं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, ती तपासून त्यात काय कमी आहे, कोणतं खत किती घालायचं, ते ही मंडळी लिहून देतात. मुलगी मुळात कमी बोलणारी, माझ्यासारखी. पण पूर्वी संध्याकाळी आली की आईला दिवसाचं सगळं सांगायची आणि मी पुस्तकाआडून ऐकायचो. आता मलाच सांगते, थोडं थोडं, चहा पिता पिता.

एकदा सांगत होती, एकजण माती घेऊन आला. शेत लांब होतं, जायचा कंटाळा केला आणि घरामागच्या भावाच्या रानातली माती पिशवीत भरली. वर म्हणाला, "माती ती मातीच की, ताई." खरं तर शेतभर नागमोडी चालून जागोजागची माती घ्यायची असते. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याशेजारची तर नकोच. मग सगळी एकत्र कालवून त्यातली थोडी आणायची.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार. मशीनला कुठं कळतं कुणाची माती. रिपोर्ट बरोबर येतो. खत मात्र चुकीच्या रानात पडतं."

तेव्हा ते एवढ्यावरच राहिलं.

आमच्याकडं अशी रीत आहे की घरात कुणी गेलं तर घरातल्या मुलामुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं करायचं नाही. कुणी घालून दिली ते कुणाला माहीत नाही, पण मोडायची हिंमत कुणी करत नाही. मुलीचं वय लग्नाचं. त्यामुळं दहावं-तेरावं झालं तसे माझे थोरले भाऊ कामाला लागले. ते इंदापूर तालुक्यात बावड्याला असतात, डाळिंब करतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही. मला ते मास्तर म्हणतात. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण तात्यांच्या लेखी जो वाचतो तो मास्तर. मुलीचा बायोडाटा त्यांनीच सुनेकडून टाईप करून घेतला आणि खाली संपर्क म्हणून स्वतःचा नंबर घातला. "तू फोन उचलतोस आणि नुसता हूं म्हणतोस," ते म्हणाले. "पुढच्याला वाटतं, नंबर चुकला." त्यांचं खोटं नव्हतं. बायोडाट्यात त्यांनी मुलगी शांत, मनमिळाऊ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष असल्याचं लिहिलं होतं. मुलीनं ते वाचलं, उंचीच्या रकान्यातला वाढवलेला इंच खोडायला सांगितलं आणि बाकीचं तसंच राहू दिलं.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली आणि मुहूर्त सुरू झाले. संक्रांत जवळ येत चालली होती. एका रविवारी मी बावड्याला गेलो होतो. पडवीत डाळिंबाचे क्रेट मांडलेले होते. तात्या, वहिनी आणि त्यांची सून फळं निवडत बसले होते, मोठी एकीकडं, मध्यम एकीकडं. माझ्या हाताला तो वेग नाही, म्हणून मला डाग पडलेली बाजूला काढायचं काम दिलं होतं. मी आलो की त्या घरातलं बोलणं जरा आवरतं. गेले दहा महिने असंच चाललं होतं. बायकोचा विषय निघणार असं दिसलं की वहिनी पाण्याला उठायच्या आणि तात्या पावसाचं काढायचे. मला जपायचं म्हणून. मी त्यांना थांबवलं नाही, कारण काय सांगायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

तात्यांचा फोन वाजला. त्यांनी तो सुनेपुढं धरला.

"पणदऱ्याचं स्थळ हाय," सून वाचत म्हणाली. "पत्रिका बघणार न्हाईत म्हणे. मुलाचा विश्वास न्हाय. त्यानं एक टेस्ट पाठवलीय. त्याच्या पुण्याच्या कंपनीत सगळ्यांनी केली व्हती. ती करून पाठवा म्हणतोय."

"कसली टेस्ट? रक्ताची?" वहिनींनी विचारलं.

"स्वभावाची."

तात्यांनी हातातलं डाळिंब खाली ठेवलं. "मंग भर की. बायोडाट्यात लिवलंय नव्हं, मनमिळाऊ न् सुस्वभावी. तेच लिव."

"तसं न्हाय मामा. लई प्रश्न हायत. ताईंनी सोता भरायची असते."

"तिनं कशाला? लग्नाचं कागद पोरीनं कधी भरल्यात आपल्यात? तू वाच, आमी सांगतो. चुलता हाय, चुलती हाय, बाप हितं बसलाय. अजून कोण पायजे?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी डाग शोधत होतो. तिनं वाचायला सुरुवात केली. मराठी कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेलं असावं, कारण प्रश्न नव्हतेच, नुसती विधानं होती, आणि प्रत्येकाखाली पाच गोल. एका टोकाला सहमत, दुसऱ्या टोकाला असहमत.

"तुम्ही अनोळखी व्यक्तींशी स्वतःहून संवाद सुरू करता."

"म्हंजे?"

"म्हंजे आपणहून बोलता का, आत्या."

"व्हय, मंग. घाल," वहिनी म्हणाल्या. "इंदापूरच्या स्टँडवर ती बाई रडत बसलेली, तिला न्हाय का धरून घरी आणली जेवायला? दोन दिस ऱ्हायली बया. जाताना माझी चप्पल घालून गेली."

तात्या हसले. "ती हिच्या आईनं आणली व्हती."

"मंग? आईवरच गेलीय पोरगी."

सुनेनं सहमतचा मोठा गोल दाबला.

"राग आल्यास तुम्ही तो लगेच बोलून दाखवता."

"हे तर माझ्या म्होरं झालंय," तात्या म्हणाले. "ट्रॅक्टर बघाय निघालो व्हतो. धाकटी भावजय, थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायची न्हाय. त्या दिशी दारात उभी ऱ्हायली. म्हणली, तात्या, ट्रॅक्टर खुशाल घ्या, पर आदी संडास बांधा. बायकास्नी अंधाराची वाट बघाय लागती. असं तोंडावर."

"मग?" सुनेला ही गोष्ट माहीत नव्हती.

"मग काय. ट्रॅक्टर पुढच्या साली आला."

"आईवरच गेलीय," वहिनी म्हणाल्या. "घाल सहमत."

माझी मुलगी राग आला तर दोन दिवस गप्प राहते. तिसऱ्या दिवशी स्वतःच विसरते. हे मी सांगायला हवं होतं. मी हातातलं डाळिंब फिरवत राहिलो. पुढचं विधान होतं, ठरवून केलेल्या प्रवासापेक्षा अचानक निघणं तुम्हाला आवडतं. त्यावर वहिनींनी सांगितलं की बावड्याला येताना बस थांबवून मुलीची आई मधेच उतरली होती, कारण रस्त्याकडेला पेरू चांगले दिसले. पाटीभर पेरू घेऊन ऊन उतरल्यावर कुणाच्या तरी टेम्पोतून आली, आणि टेम्पोवाल्यालाही जेवायला वाढावं लागलं. ही गोष्ट मला तिनंच सांगितली होती, पण टेम्पोवाल्याचा भाग गाळून. तात्या म्हणाले, टेम्पोवाला नंतर दोन दिवाळ्या फराळालाही आला. सून हसून हसून पुढचं वाचेना.

मी ऐकत होतो. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या पडवीत कुणी तिच्याबद्दल बोलत होतं, तेही हसत, एकमेकांचं तोडत, मी समोर बसलेला असताना. नाव मुलीचं होतं, म्हणून कुणाला थांबावंसं वाटत नव्हतं. माझ्या लक्षात आलं होतं की हे जे भरलं जातंय ते मुलीचं नाही. पण ते लक्षात आलंय असं बोललो असतो तर वहिनी पाण्याला उठल्या असत्या.

"काका, ह्याला काय घालू?" सुनेनं विचारलं. "तुमच्या जवळच्या माणसांना तुमच्या मनातलं न सांगता कळतं."

ते तिघंही माझ्याकडं पाहू लागले.

"सहमत," मी म्हणालो.

शेवटी एक रंगीत पान उघडलं. त्यावर चार इंग्रजी अक्षरं होती, खाली एक स्वभावप्रकार, माणसं जोडणारी यजमान किंवा असंच काहीतरी, आणि खूप मजकूर. सुनेनं तो वाचून दाखवला. ही व्यक्ती दार उघडं ठेवते, स्पष्ट बोलते पण मनात ठेवत नाही, तिच्याभोवती माणसं जमतात, स्वतःच्या दुखण्याकडं मात्र दुर्लक्ष करते. त्या शेवटच्या ओळीला वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला.

"पत्रिकेपरास बरं हाय हे," तात्या म्हणाले. "ह्यात मंगळ न्हाय. धाड पणदऱ्याला."

संध्याकाळी परतताना इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागायची होती. बाकावर बसवेना म्हणून फेऱ्या मारत होतो. सुनेनं ती लिंक माझ्याही फोनवर पाठवली होती. मी एका खांबाला टेकून स्वतःची परीक्षा द्यायला लागलो. मला वाटलं होतं, हे सोपं जाईल. इतकी वर्षं या माणसाबरोबर राहतोय.

पहिल्याच विधानांपैकी एक होतं, तुम्हाला एकटं राहायला आवडतं. मी सहमतकडं बोट नेलं आणि थांबलो. मला एकटं राहायला आवडायचं, हे खरंच आहे. पण तेव्हा ती शेजारच्या खोलीत असायची. भांड्यांचा आवाज असायचा, कुणाशी तरी फोनवर बोलणं चाललेलं असायचं, आणि मी दार लोटून एकटा असायचो. त्याला एकटं म्हणायचं की नाही? आता खरा एकटा आहे तर मला घरात थांबवत नाही. या विधानात वर्तमानकाळ आहे, आणि माझा वर्तमानकाळ दहा महिन्यांचाच आहे. मी मधला गोल दाबला, होही नाही आणि नाहीही नाही असा. गाडी लागेपर्यंत माझे बहुतेक गोल मधलेच झाले होते. उत्तर आलं, शांत निरीक्षक. संघर्ष टाळतो. इतरांनी घेतलेले निर्णय स्वीकारणं त्याला सोपं जातं.

मला ते झोंबलं. म्हणून घरी आल्यावर मी पुन्हा दिली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी मी निराळाच निघालो, ध्येयवादी कुणीतरी. दुपारी झोप न लागल्यावर पुन्हा निरीक्षक. मग दुसऱ्या परीक्षा शोधल्या. रंग निवडायला लावणारी, झाडांची चित्रं दाखवणारी, एकीनं तर मी कुठल्या प्रकारचा पाऊस आहे ते सांगितलं. चालता चालता, कालव्याच्या कट्ट्यावर, भाजी घेताना रांगेत. भाजीवाल्यानं विचारलं, "काका, मेथी घेताय का गेम खेळताय?" मी मेथी घेतली. मला कळत होतं की हे शहाण्या माणसाचं वागणं नाही. पण प्रत्येक वेळी नवीन पान उघडताना वाटायचं, आता कुणीतरी मला सांगेल की मी कोण आहे. पूर्वी हे काम घरात होत असे. ती येता जाता सांगायची, तुम्ही असेच आहात, तुम्ही तसेच आहात, तुम्हाला नाही म्हणताच येत नाही. मी कधी त्याचं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायची गरज नव्हती.

आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली होती. माझा देवगण निघाला आणि तिचा राक्षसगण. जुळत नाही, असं भटजींनी सांगितलं. माझ्या वडलांनी विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो का. येतो म्हटल्यावर त्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. पुढं आयुष्यभर ती या गोष्टीवरून मला चिडवायची. म्हणायची, "राक्षसाला भूक लागली की सांगता येतं. देवाला नैवेद्याची वाट बघत बसावं लागतं. बसा." आणि ताट वाढायची. आता विचार करतो तर त्या दोन गणांनी आमच्याबद्दल जेवढं सांगितलं तेवढंच या चार अक्षरांनी सांगितलं असतं, ना कमी, ना जास्त. पण चिडवायला एक शब्द मिळाला, आणि त्या शब्दाभोवती आम्ही बोलत राहिलो. परीक्षेचा एवढा उपयोग असेल तर तो छोटा नाही. फक्त बोलायला समोर कुणीतरी लागतं.

आठवडा गेला. पणदऱ्याच्या लोकांना पान फार आवडलं. मुलाची आई तात्यांना फोनवर म्हणाली, अशीच सून पाहिजे, आमचं येण्याजाण्याचं घर आहे, दुधाचा धंदा, पाहुणे सारखे. येत्या रविवारी ते पसंतीला येणार होते आणि जमलं तर त्याच बैठकीत सुपारी फोडायची असं ठरत होतं. तात्यांनी ते रंगीत पान आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडल्याचं चिन्ह.

मुलीनं ते संध्याकाळी पाहिलं. कामावरून येऊन ती टेबलाशी बसली होती. मी चहा गाळत होतो. कप भरून मी वळलो. ती फोन वर-खाली सरकवून शेवटपर्यंत वाचत होती.

"हे कुणी भरलं?"

मी सांगितलं.

"रिपोर्ट एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. "नमुना दुसऱ्या रानातला आहे."

मी कप तिच्यासमोर ठेवला.

"तुम्ही होता ना तिथं?"

"होतो."

"मग तुम्हाला कळलं नाही, ही आई आहे?"

"कळलं."

"मग?"

"सगळे तिच्याबद्दल बोलत होते," मी म्हणालो. "दहा महिन्यांत पहिल्यांदा. मला थांबवावंसं वाटलं नाही."

मला वाटलं, आता दोन दिवस गप्प. पण तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "काय काय बोलले?"

मी सांगायला लागलो. चप्पल घालून गेलेली बाई, संडास आणि ट्रॅक्टर, पेरू. टेम्पोवाला दोन दिवाळ्या फराळाला आल्याचं सांगितल्यावर ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. आई गेल्यावर ती माझ्यासमोर रडली नव्हती. माणसं भेटायला येत होती, तिला चहा करायचा होता. आता टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. चहा निवला, तो पुन्हा गरम केला.

मग ती म्हणाली, "पप्पा, त्या मुलाबद्दल मला काही वाईट वाटत नाही. या आठवड्यात त्याचा दोनदा फोन येऊन गेला. बरा आहे. मला नाही म्हणायचं नाहीये. मला आत्ता नको, एवढंच म्हणायचंय. संक्रांतीच्या आत हळद लावायची म्हणजे... मला अजून आईचं कपाटसुद्धा उघडता आलेलं नाही."

"वर्षाच्या आत नाही झालं तर—"

"माहितीये. तीन वर्षं."

तिनं ती लिंक उघडली आणि स्वतःची परीक्षा सुरू केली. मी ऐकावं म्हणून मोठ्यानं वाचत होती की आपोआप, कोण जाणे. अनोळखी माणसांशी स्वतःहून बोलता का. असहमत. राग लगेच बोलून दाखवता का. असहमत. मी मनात तिच्याआधी उत्तर देत होतो आणि बहुतेक जुळत होतं. मग एक आलं, तुम्ही दुसऱ्यांच्या अपेक्षेसाठी स्वतःचं मन मारता. माझं उत्तर ठरलेलं होतं. तिचं बोट तिथं बराच वेळ थांबलं.

"हे आजपर्यंतचं विचारतायत की यापुढचं?" ती म्हणाली, आणि परीक्षा तशीच अर्धी ठेवून गॅलरीत गेली.

तिथून तिनं पणदऱ्याच्या त्या मुलाला फोन लावला. आमच्या घरी अशा गोष्टी मोठी माणसं बोलतात. मी आत जायला हवं होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिलो. तिनं काही सजवलं नाही. म्हणाली की ते पान माझं नाही, माझ्या काकांनी भरलं, आणि त्यांनी माझी आई भरलीय. ती गेली या जानेवारीत. मी तशी नाहीये. मला पाहुणे आले की दडपण येतं. आणि मला इतक्यात लग्न करायचं नाहीये. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती आत आल्यावर मी विचारलं.

"म्हणाला, मग तुमच्या आईंना एकदा भेटायला मिळायला हवं होतं." ती पाण्याचा ग्लास भरत होती. "आणि म्हणाला, तीन वर्षांचं मला काही सांगता येणार नाही, पण मधे फोन केला तर चालेल का."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, करा."

आता तात्यांना सांगायचं राहिलं होतं. फोनवर सांगणं शक्य नव्हतं. फोनवर मी हूं म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. इंदापूरला गाडी बदलली. बावड्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली तरी मी दोनदा उठून दाराशी जाऊन आलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बसा की. उतरायला लई वेळ हाय." आयुष्यात तात्यांच्या ठरवण्यावर मी कधी बोललो नव्हतो. वाटणीच्या वेळी नाही, घर बांधताना नाही. त्यांनी कधी माझं वाईट केलं नाही, हेही खरं. शांत निरीक्षक. इतरांनी घेतलेले निर्णय स्वीकारणं त्याला सोपं जातं. गाडीच्या आवाजात मी वाक्य जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य शेवटाला हूं होत होतं.

पडवीत तेच चाललं होतं, क्रेट आणि फळं. मी बसलोच नाही.

"तात्या, रविवारी त्यांना येऊ नका म्हणून सांगा. या वर्षी लग्न करायचं नाही."

वहिनींचा हात थांबला. तात्यांनी मान वर केली नाही. त्यांनी एक डाळिंब मोठ्यांच्या क्रेटमध्ये टाकलं, मग उचलून मध्यममध्ये टाकलं.

"वर्साच्या आत न्हाय झालं तर तीन वर्सं हात लावता येत न्हाय. म्हाईत हाय नव्हं?"

"माहीत आहे."

"मंग?"

"मग तीन वर्षं."

"सुपारीची बोलणी झाल्यात. मी शब्द दिलाय."

"ते पान तिचं नव्हतं, तात्या. आपण सगळ्यांनी तिच्या आईचं भरलं. तुम्ही शब्द दिलाय तो आईबद्दल दिलाय."

सून खाली पाहत होती. मला वाटलं, वहिनी आता पाण्याला उठतील. त्या उठल्या नाहीत.

"मास्तर," तात्या म्हणाले, "सुनंनं ती टेस्ट तुलाबी धाडली व्हती नव्हं? तुझं काय आलं?"

"भांडण टाळणारा."

"मंग हे काय चाललंय?"

"भांडत नाही. सांगतोय. तिला आधी आईचं कपाट उघडू दे. तुम्हाला राग येणार असेल तर येऊ दे, पण तिला कुणी काही बोलायचं नाही."

माझा आवाज मोठा झाला असावा, कारण गोठ्यातून गडी डोकावून गेला. तात्या माझ्याकडं बघत राहिले, ज्या नजरेनं ट्रॅक्टरच्या दिवशी दारात बघितलं असेल त्या नजरेनं. मग वहिनी पदराआडून हळूच म्हणाल्या, "भावजी बी आता बायकोवर गेलं."

सून फिसकन हसली. तात्यांना हसायचं नव्हतं, पण त्यांच्या मिशा हलल्या.

"पणदऱ्याला फोन कोण करायचा मंग?" ते म्हणाले. "माझ्यानं न्हाय व्हायचं."

"तिनं केलाय. मुलाला. कालच."

"तिनं?" तात्यांनी हातातलं फळ ठेवून दिलं. "सोता? त्या पोराला?" क्रेट बाजूला सारून म्हणाले, "मंग ही पोरगी गेलीय तरी कुणावर?"

तेव्हा कुठं मी खाली बसलो. कुणीतरी डाग पडलेल्या फळांचं टोपलं माझ्याकडं सरकवलं आणि मी कामाला लागलो. दुपारपर्यंत तात्या माझ्याशी मोजकंच बोलले, पण जेवताना भाकरी माझ्याकडं त्यांनीच सरकवली.

निघताना वहिनी पिशवीत डाळिंबं भरत होत्या, चांगली निवडून. नेहमीच भरतात. अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, "आवडत्यात नव्हं तिला? का ते बी आईचंच?"

मला सांगता येईना. तिची आई डाळिंब सोलून वाटीत दाणे घालून द्यायची आणि मुलगी खायची. त्यावरून काही ठरत नाही. मी फोन लावला. मागं प्रयोगशाळेतली गडबड ऐकू येत होती. झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. ती हूं म्हणाली. मग डाळिंबाचं विचारलं.

"डाळिंब नको," ती म्हणाली. "लिंबं असली तर आणा. मीठ लावून खाईन."

"लिंबं म्हणतीय," मी वहिनींना सांगितलं.

"लिंबं?" वहिनी म्हणाल्या. "कधी बोलली न्हाय." आणि पिशवी तिथंच ठेवून त्या घरामागच्या झाडाकडं गेल्या.